पत्रिकेवरचा आकडा

“दोन! माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला तू दोन नंबर टाकलास?”

ओकोच्या आजीने, मम्मा मोएरोआने, फोन टेबलावर इतक्या जोरात आपटला की तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, सालींचं ताट उडी मारून परत जागेवर बसलं. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे कधीच गेलेले, पण आवाज चर्चमध्ये पहिल्या रांगेत गाणाऱ्या बाईचा. “आणि तोही सोनेरी! म्हणजे लांबून दिसावा!”

“सोनेरी सगळ्यांनाच आहे,” ओको म्हणाला.

“तोंड चालवू नकोस.”

“तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

“मी विचारलं नाही. मी ओरडले!”

ओको मागच्या दाराच्या पायरीवर केस वाळवत बसला होता. सतराव्या वर्षी कमरेखाली उतरलेले केस हा काय ताप असतो, ते ज्याच्या डोक्यावर असतात त्यालाच ठाऊक. धुवायला अर्धी बाटली, वाळायला अर्धा दिवस, आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्या गोऱ्या बायका न विचारता हात लावणार. बाकीच्या पोरांचं हे जावळ सहाव्या-सातव्या वर्षी उरकतं. ओकोचं दर वेळी काहीतरी आडवं आलं. एकदा वादळ, एकदा मयत, मग दोन वर्षं विमानंच बंद, आणि उरलेल्या सगळ्या वेळी ऑकलंडचे पापा तुताई, म्हणजे मम्माचे थोरले भाऊ; इथे वयस्क बाई कुणाचीही मम्मा आणि वयस्क माणूस पापा. त्यांना सवड नाही तर तारीख नाही. शाळेत एका पोराने मागून केस ओढले. ओकोने त्याचा दात पाडला. मुख्याध्यापक म्हणाले माफी माग, ओकोने दप्तर उचललं आणि घरी आला. शाळा तिथे संपली. आता येत्या शनिवारी केसही संपणार होते.

“काय म्हणाले पापा?” आईने, नानेने, विचारलं. ती तारो सोलत होती आणि वर बघत नव्हती. वर न बघणारी माणसं काहीतरी लपवत असतात, हे ओकोला चांगलं कळायचं, कारण या बाबतीत ती काय लपवतेय ते त्याला माहीत होतं.

“निरोप ठेवलाय. मी मेली महिला मंडळात बसलेली, फोन इथे चार्जिंगला.” मम्माने भावाचा जड आवाज काढला. “‘मोएरोआ, मी विमानात चढतोय. दोन नंबरचा माणूस येतोय म्हणून सगळ्यांना सांगून ठेव. आणि एक नंबर कोण, ते मला उतरल्या उतरल्या बघायचंय.’ बस्स. ठेवला फोन.”

“मग येतायत ना? झालं की,” ओको म्हणाला.

“झालं? बारा माणसं घेऊन येतोय तो! तिथल्या विमानतळावर, बारा माणसांसमोर पाकीट फोडलंय. आता चार तास त्या विमानात बसून काय करत असेल? गाणी म्हणत असेल?”

वार बदलणारी रेषा मधल्या समुद्रात आहे, त्यामुळे ऑकलंडहून शुक्रवारी सकाळी निघालेला माणूस इथे या बेटावर गुरुवारी दुपारी उतरतो. बाकीच्यांचा राग प्रवासात जुना होतो. पापा तुताईंचा राग एक दिवस आधीच येऊन पोचणार होता.

खरं म्हणजे पत्रिका सुंदर झाल्या होत्या. हे मम्मासुद्धा नाकारत नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. चौसष्ट पत्रिका, तीन आठवडे. ओको गावातल्या छपाईच्या दुकानात कामाला होता. किनाऱ्यावर अनवाणी लग्न करायला येणाऱ्या परदेशी जोडप्यांची कार्डं तोच करायचा, आणि मालकापेक्षा चांगली करायचा. घरच्या पत्रिकांसाठी मात्र त्याने मशीन लावलंच नाही. जाड कागद घेतला, चार घड्या, मग आठ, आणि मग एका दमात कात्री. बायका रजईसाठी कापड कापतात तसं. घडी उलगडली की ब्रेडफ्रूटच्या, म्हणजे नीरफणसाच्या, रुंद पानांचं अख्खं वर्तुळ समोर. एक पान चुकलं तर अख्खा कागद फुकट. सत्तावीस कागद फुकट गेले. खाली दोन बोटं रुंद फीत, प्रत्येकाच्या फितीचा रंग वेगळा, आणि शनिवारी डोक्यावर बटा बांधतील तेव्हा त्या माणसाच्या बटेला तीच फीत. आणि फितीच्या शेजारी सोन्याच्या शाईने आकडा.

आकड्याची कल्पना त्याने परदेशी लग्नांवरून उचलली. तिथे प्रत्येकाला आपलं टेबल कितवं ते आधीच कळतं. ओकोला वाटलं, काय छान. माणसाला कळावं आपण कुठे आहोत ते.

“अरे गाढवा,” मम्मा म्हणाली, “नंबर नसतो असं वाटलं का तुला? नंबर असतोच. माझ्या आईच्या वेळी होता, तिच्या आईच्या वेळी होता. पण तो इथे असतो.” तिने पोटावर थाप मारली. “पुकारणाऱ्याच्या कानात आदल्या दिवशी सांगायचा. ज्याचं नाव पुकारलं तो उठतो, कात्री घेतो, बट कापतो, आहेर ठेवतो, जाऊन बसतो. आपण कितवे हे कळेपर्यंत हातात कात्री आलेली असते, समोर पाळक बसलेले असतात, आणि जेवण अजून व्हायचं असतं. कोण भांडणार? आणि तू छापून वाटलंस! दहा दिवस आधी! घरोघर जाऊन!”

“लिहून.”

“काय?”

“छापून नाही. लिहून.”

“नाने, याला माझ्यासमोरून ने, नाहीतर आज याची मान कापीन, केस शनिवारपर्यंत थांबतील.”

दहा दिवसांत जे झालं होतं ते ओकोलाही माहीत होतं. शनिवारच्या बाजारात बायका टोपल्या टाकून एकमेकींना विचारत होत्या, “तुला किती?” मम्मा उपोकोतेआला एकतीस, तिच्या धाकट्या जावेला सतरा. दोघी पाठीला पाठ लावून पपया विकत होत्या. पाळकांच्या बायकोला पाच आणि पाळकांच्या हाताखालच्या डीकनच्या बायकोला चार, तर रविवारी समूहगीतात एक सूर वर आणि एक सूर खाली. शेजारच्या पापा नूरोआने तर पत्रिका परत आणून कुंपणाला टाचणीने लावली होती. वर लिहिलं होतं, ‘त्रेसष्ट? मी याला पोहायला शिकवलं.’

ते वाचून ओकोला खरंच वाईट वाटलं होतं. पण ते तो कुणाला सांगणार नव्हता.

बाहेरून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. बाबा, तामातोआ, डुकराचं मांस आणि बर्फाची पोती घेऊन आला होता. घामाने निथळत आत आला आणि तिघांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “कोण मेलं?”

“अजून कोणी नाही,” मम्मा म्हणाली. “तुझ्या पोराने तुझ्या मामाला दोन नंबर दिलाय.”

“काय?” बाबाने पोतं खाली टाकलं. “ओको? यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. मी स्वतः वाचलं.”

“होतं.”

“मग?”

“मग मी बदललं.”

आईची सुरी थांबली.

“बदललं म्हणजे?” बाबा म्हणाला. “चुकलं म्हण. चूक झाली म्हण रे बाबा, मी तुला सोपं करून देतोय.”

“चूक नाही झाली.”

मम्मा हळूहळू खुर्चीत बसली. ती बसली की ओकोला जास्त भीती वाटायची. “एक नंबर,” ती म्हणाली, “कोणाला दिलास?”

बोलायच्या आधी ओकोने केसांना पीळ घातला. पाणी टपकलं. “अकाइती आत्याला.”

बर्फाच्या पोत्यातून पाणी वाहायला लागलं होतं.

आठ वर्षांत या घरात ते नाव घेतलेलं नव्हतं. अकाइती म्हणजे मम्माचीच थोरली लेक, पण मम्मा तिला ‘कोर्टातली बाई’ म्हणायची. ती दीड मैलावर राहायची. चर्चमध्ये ती डाव्या दाराने आत जायची आणि मम्मा उजव्या. किनाऱ्याकडच्या जमिनीचा दावा लागला होता. पापा तुताईंना तिथे पर्यटकांसाठी बंगल्या बांधायच्या होत्या. हद्दीवर सुरूचं एक जुनं झाड होतं. ते नक्की कुठे होतं यावर सगळं अडलं, कारण झाड दाव्याच्या दहा वर्षं आधीच गेलं होतं. आणि अकाइती जमिनीच्या कोर्टात उभी राहून म्हणाली होती, झाड आमच्या घराच्या बाजूला होतं, आणि ते माझ्या मामाने कापलं, मी बघितलं. जमीन शेजाऱ्यांना गेली. पापा तुताई ऑकलंडला गेले. अकाइती गेली नाही, पण गेल्यासारखीच.

“त्या बाईला,” मम्मा म्हणाली. “पहिली बट. माझ्या भावाच्या आधी.”

“हो.”

“का?”

“कारण ते केस तिचे आहेत.”

“केस तुझ्या बापाचे, आज्याचे, या घराण्याचे आहेत!”

“घराण्याने एकदा तरी धुतलेत का?” आता ओकोही उठला. “तू हॉटेलात, बाबा हॉटेलात, आई दोन शिफ्टा. मी तिच्याकडे होतो. दर रविवारी चर्चच्या आधी ती तिआरेच्या फुलांचं खोबरेल लावून वेणी घालायची. नऊ वर्षांचा होईपर्यंत. मग एके दिवशी कोर्ट झालं आणि मला सांगितलं, आजपासून तिकडे जायचं नाही. मला विचारलं कोणी? त्या रविवारी माझी वेणी कोणी घातली माहितीये? कोणीच नाही. रबर लावून गेलो. शाळेत पोरांनी तेव्हापासूनच ओढायला सुरुवात केली.”

“ओको, आईशी नीट बोल,” बाबा म्हणाला.

“ती तुझी आई आहे, तू नीट बोल. आठ वर्षं स्वतःच्या बहिणीला रस्त्यात बघून मान फिरवतोस.”

बाबाचा हात वर गेला. आणि मग आई बोलली, तारोकडे बघतच. “एक नंबरची फीत मी बांधली.”

हात तसाच वर राहिला.

“पिवळी,” ती म्हणाली. “याची गाठ सैल होत होती. मी बांधून दिली. आकडाही बघितला. मारायचं असेल तर दोघांना मार.”

“वा!” मम्माने टाळी वाजवली. “वा सूनबाई! माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्याच तारोची सालं काढत, माझ्या पाठीमागे गाठी मारतेस!”

“तारो माझ्या माहेरचेत,” आई म्हणाली.

बाबाने हात खाली घेतला आणि त्या हाताचं काय करावं ते न कळून बर्फाचं पोतं उचललं.

मम्माने मात्र मनात हिशेब जुळवला होता, तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ती अशी सहजी हरणारी बाई नव्हती. “हे बघ,” तिचा आवाज एकदम खाली आला, दुकानदाराशी बोलते तसा. “विमान उतरायला अर्धा तास आहे. गळ्यात घालायचे हार मी केलेत. तू जायचंस, पहिला हार पापाच्या गळ्यात घालायचा, आणि म्हणायचं, पापा, दुकानातल्या मशीनची चूक. एकचा दोन झाला. मग त्याच्या हातातून ती पत्रिका घ्यायची आणि ही द्यायची. आत्ता बस आणि एक नंबरची नवी कर. कात्री तिथे आहे.”

“आणि आत्याची?”

“तिची मी बघते.”

“काय बघतेस?”

“मशीनची चूक,” मम्मा म्हणाली.

“मशीन नाहीये!” ओको ओरडला. “किती वेळा सांगू? हाताने लिहिलंय! विचार करून लिहिलंय! चौसष्ट आकड्यांत तो एकच मी विचार करून लिहिला, बाकीचे तुझ्या यादीतून उतरवले!”

“म्हणजे नूरोआला त्रेसष्ट मी दिला?”

“यादी तुझी होती!”

“यादी पोटात ठेवायची होती!”

“मग मला लिहून कशाला दिलीस?”

मम्माने त्याच्याकडे ओला टॉवेल फेकला. तो नेमका त्याच्या तोंडावर बसला. टॉवेल बाजूला केला तेव्हा कुंपणाच्या फाटकात अकाइती आत्या उभी होती. एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात पाकीट.

ती तिथे कधी आली, किती ऐकलं, कोण जाणे. बावन्न वर्षांची, मम्मासारखीच रुंद, मम्मासारखाच खालचा ओठ पुढे काढलेला. ओकोला वाटलं ती त्याच्याकडे बघून हसेल. मनातल्या मनात त्याने हे दहा दिवस पाहिलं होतं, ती येईल आणि हसेल.

“मला विचारलंस?” ती म्हणाली.

“आत्या...”

“मला विचारलं होतंस का ते सांग. मोटरसायकलवरून आलास, मी परसात होते, पाकीट खिडकीत टाकून पळालास. दहा दिवस हे माझ्या टेबलावर पडलंय. दहा दिवस लोक मला बाजारात विचारतायत, तुला किती? मी सांगते, मला बोलावलं नाही. खोटं बोलले मी. आठ वर्षं खरं बोलल्याची शिक्षा भोगतेय आणि तुझ्यापायी खोटं बोलले.”

“मला वाटलं तुला आवडेल.”

“तुला भांडायचं होतं! या म्हातारीशी, त्या म्हाताऱ्याशी. मग भांड ना! माझ्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवतोस?” तिने आत येऊन पाकीट टेबलावर टाकलं. त्यातून पत्रिका अर्धी बाहेर आली. ब्रेडफ्रूटची पानं, पिवळी फीत, आकडा. “घे. मी येणार नाही.”

“कोणी बोलावलंय तुला?” मम्मा म्हणाली. आठ वर्षांनी लेकीशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

“याने. सोन्याच्या शाईत.”

“ती मशीनची चूक आहे.”

अकाइतीने मम्माकडे पाहिलं. मग ती हसली, पण ते हसणं बघून ओको पायरीवरून एक पायरी खाली सरकला. “तुझ्याकडे नेहमी काहीतरी सापडतं ना गं? तेव्हा वादळ सापडलं होतं. ‘झाड वादळात पडलं.’ कोर्टात हेच बोललीस ना? बायबलवर हात ठेवून?”

“अकाइती, आत्ता नको,” बाबा म्हणाला. आणि हे म्हणतानाच त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. त्याचं त्यालाच कळलं नसावं.

“मग कधी? वादळात पडलं म्हणे. तू होतीस तिथे. मामा कुऱ्हाड चालवत होता आणि तू त्याच्यासाठी डबा घेऊन आली होतीस. केळीच्या पानात पोके होतं, पिकल्या केळ्यांचं गोड. मीही खाल्लं त्यातलं. तुला वाटतं तेव्हा मी लहान होते, विसरले असेन? चौतीस वर्षांची घोडी होते मी! मी फक्त बघितलेलं सांगितलं. तूही बघितलं होतंस.”

“काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात!” मम्मा किंचाळली. “माणसं त्याच्यावर जगतात! सगळं बाहेर काढलं तर घरात राहील कोण?”

“आता कोण राहिलंय?”

अकाइती ओकोने रिकाम्या केलेल्या पायरीच्या वर, दारात ओढलेल्या खुर्चीत धपकन बसली. धापा टाकत होती. ओको खालच्या पायरीवर बसलेला, तिच्या गुडघ्यांच्या पुढे, पाठमोरा. त्याला उठून जायचं होतं, पण दोन्ही बाजूंनी कुणी ना कुणी रागावलेलं, जाणार कुठे? तेवढ्यात त्याच्या डोक्याला हिसका बसला.

“हे कोण धुतं?” आत्या म्हणाली. “टोकं बघ. झाडूसारखी झालीत.”

“मीच.”

“दिसतंय. साबण लावतोस?”

“कधी कधी.”

“साबण!” तिने पर्समधून कंगवा काढला. कपाळापासून मानेपर्यंत एक सरळ भांग, मग कानाच्या वर आडवा. त्या बोटांना विचारावं लागत नव्हतं. ओकोचे डोळे भरून आले, दुखलं म्हणून. दुखलं म्हणूनच. “हलू नकोस,” ती म्हणाली, आणि त्याच दमात मम्माला, “मला तुझी पहिली बट नकोय. तुझ्या भावाला दे, त्याच्या बायकोला दे. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी दार उघडून म्हणावं, अकाइती, पोराचे केस कापतोय, ये. एवढं म्हणायला आठ वर्षं लागतात?”

मम्मा पत्रिका उचलून बघत बसली होती. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग तिने अंगठ्याचं नख आकड्यावर ठेवलं आणि खरवडायला सुरुवात केली. एकदा. दोनदा. नख कागदावर कर्रकर्र वाजत होतं. मग तारोची सुरी घेतली आणि तिच्या टोकाने हलकेच घासलं. कागदाचा भुगा निघाला, आकडा होता तिथेच.

“कसली शाई आहे ही?” ती म्हणाली.

“पक्की,” ओको म्हणाला. “धातूची. निघत नाही.”

“पाण्याने?”

“नाही.”

“रॉकेलने?”

“मम्मा, नाही निघत. कागद फाटेल, आकडा राहील.”

मम्माने सुरी खाली ठेवली. ती लेकीच्या हातांकडे बघत होती. ते हात बोलण्यात गुंतलेले नव्हतेच, ते आपलं काम करत होते. एक भाग, त्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सगळे सारखे. असे सारखे भाग या घरात दुसऱ्या कोणाला जमणार नव्हते, आणि शनिवारी पहाटे ते कोणीतरी करायलाच हवे होते. हे मम्मालाही कळत होतं, आणि ते तिला अजिबात आवडलेलं नव्हतं.

“तू,” ती ओकोला म्हणाली. “विमानतळावर जा.”

“मशीनची चूक मी सांगणार नाही.”

“नको सांगूस.”

“मग काय सांगू?”

“जे लिहिलंयस ते सांग. त्याच्या तोंडावर सांग. पापा, मी तुम्हाला दोन नंबर दिला, आणि एक नंबर अमुक बाईला दिला, आणि का दिला. मी मध्ये पडणार नाही. तो तिथे बारा माणसांसमोर तुझ्या कानाखाली वाजवेल, तेव्हाही मी नसेन. लिहायला हात होता ना तुझा? मग सांगायला तोंडही तुझंच.”

“आई!” अकाइती म्हणाली. “लहान आहे तो.”

“सतरा वर्षांचा आहे! चौसष्ट घरांत आग लावून आलाय आणि लहान?” मम्माने पत्रिका परत पाकिटात घातली. पाकीट अकाइतीला दिलं नाही, ओकोला दिलं नाही, फाडलंही नाही. ब्लाउजमध्ये, छातीशी खुपसलं. “आणि तू उगाच कौतुक करू नकोस. तुझ्यासारखाच झालाय. पोटात काही राहत नाही.”

“अमुक बाई नाही,” ओको म्हणाला. “मी नाव घेणार.”

“घे! मला काय सांगतोस, त्याला सांग!”

बाबाने खिशातून गाडीची किल्ली काढली. “मी मागून ट्रक घेऊन येतो. सामान असेल त्यांचं.” किल्ली बोटात फिरवत म्हणाला, “फार मागून नाही.”

आईने फ्रिजमधून हारांची पेटी काढली. पांढऱ्या तिआरेचे बारा हार आणि एक मोठा. गार फुलांचा वास घरभर झाला. तिने मोठा हार वेगळा काढून ओकोच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, “आधी हार घाल. मग बोल. हार घातलेल्या माणसाला मारायला जड जातं.”

ओकोने केसांना गाठ मारायला हात वर नेला तर अकाइतीने तो झटकला. अर्ध्या डोक्यावर तिने सारख्या बटा पाडल्या होत्या, अर्धं डोकं तसंच. “राहू दे मोकळे,” ती म्हणाली. “आल्यावर बाकीचे करते. तो काही म्हणाला तर आवाज चढवू नकोस. आणि माझी बाजू घेऊ नकोस, ऐकतोयस? स्वतःची घे.”

“म्हणजे तू थांबणार आहेस?”

“केस अर्धे राहिलेत,” ती चिडून म्हणाली. “असं सोडून कशी जाऊ?”

मम्माने तोंड फिरवलं आणि तारोच्या सालींना विचारल्यासारखं विचारलं, “चहा कोण घेणार आहे?” तिने पाच कप काढले. मग एक कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटला. “बघा! हे पण याच्यामुळे!”

त्याच क्षणी छपरावरून आवाज आला. धावपट्टी घरापासून हाकेच्या अंतरावर. खिडक्या थरथरल्या, ताटं वाजली, बोलणं थांबलं. विमानाचं पोट नारळांच्या शेंड्यांवरून इतकं खालून गेलं की मम्माने सवयीने मान आत घेतली. बारा माणसं, आणि त्यांच्याबरोबर एक रागाने फुगलेला म्हातारा, मांडीवर ब्रेडफ्रूटची पानं घेऊन.

ओकोने हार मनगटात अडकवला. हात थंड पडले होते, फुलांमुळे. त्याला बरंच काही बोलायचं होतं, आत्याला, आईला, या म्हातारीला तर सगळ्यात जास्त.

“अजून इथेच?” मम्मा ओरडली. “की तेही लिहून देऊ?”

“निघतोय,” ओको म्हणाला आणि अंगणात जाऊन मोटरसायकलला किक मारली. “मला आता जायला हवं. विमान उतरलंय.”